मंदिराचा दरवाजा उघडला, कारखान्याच्या गेटचे काय?

१४ एप्रिलला शहापूर आणि मुरबाडमधून ज्या मोटारसायकल रॅली निघतात, त्यांतल्या गाड्यांच्या टाक्यांवरची नावे एकदा वाचत जा. निळ्या झेंड्याखाली पल्सर असते, प्लॅटिना असते, डिस्कव्हर असते, अधूनमधून स्प्लेंडर आणि शाइन. वाडी-वस्तीवर एसटी दिवसातून एकदोनदा येते, रेल्वे फक्त वासिंद-आसनगाव-कसारा या पट्ट्यात आहे आणि मुरबाडला तर तीही नाही. अशा भागात मोटारसायकल ही चैन नाही. ती आहे म्हणून कामाला जाता येते. म्हशाच्या यात्रेत अजून बैलांचा बाजार भरतो, पण यात्रेबाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकलींची रांग आता बैलांच्या रांगेपेक्षा लांब असते.

या गाड्या बनवणाऱ्या कंपनीची यशोगाथा दर काही महिन्यांनी आपल्या तरुणांच्या मोबाइलवर फिरते. एक घराणे, एक जिद्दी वारस, जगात नाव, लाखो कोटींची किंमत. आणि शेवटी ठरलेली ओळ : बघा, यांनी आरक्षण मागितले नाही.

ही शेवटची ओळ खोटी आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि ती खोटी आहे हे सांगायला आम्हाला कुठल्या गुप्त कागदपत्रांची गरज नाही. बजाज कंपनीचा सर्वांना माहीत असलेला इतिहासच पुरेसा आहे, फक्त तो आपल्या बाजूने वाचायला हवा.

सुरुवात वर्ध्यापासून करावी लागते. जमनालाल बजाज हे काँग्रेसचे अनेक वर्षे खजिनदार. गांधीजींनी त्यांना आपला पाचवा पुत्र मानले. १९२१ साली त्यांनी इंग्रजांनी दिलेली रायबहादूर ही पदवी परत केली. १९२८ साली त्यांनी वर्ध्याचे आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. काळ लक्षात घ्या. महाडचा सत्याग्रह १९२७ चा आणि काळारामाचा सत्याग्रह १९३० चा. त्या दोहोंच्या मध्ये एका धनिक वैष्णव घराण्याने स्वतःहून दरवाजा उघडणे ही लहान गोष्ट नव्हती. त्यांना त्यांच्याच समाजातून विरोध झाला. जमनालालजींच्या प्रामाणिकपणावर आम्हाला शंका घ्यायची नाही.

पण बाबासाहेबांचा प्रश्न वेगळा होता. १९३३ साली रंगा अय्यर यांचे मंदिरप्रवेश विधेयक आले आणि गांधीजींनी त्याला पाठिंबा मागितला, तेव्हा बाबासाहेबांनी तो दिला नाही. त्यांचे निवेदन आजही प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे असे आहे. त्यातला मुद्दा थोडक्यात असा, की दलितांची उन्नती उच्च शिक्षण, वरच्या दर्जाची नोकरी आणि पोट भरण्याचे चांगले साधन यांतून होईल. ती झाली की सामाजिक स्थान मागोमाग येईल. देवळाचा दरवाजा उघडणारा माणूस मोठा असेल, पण आपल्याला जायचे आहे ते दुसऱ्या दरवाज्यातून. तो दरवाजा म्हणजे कारखान्याचे गेट.

हे बाबासाहेबांना १९३३ साली सुचलेले नव्हते. १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातील लहान शेतीच्या प्रश्नावर निबंध लिहिला. तुकड्यांची शेती हे दुखण्याचे लक्षण आहे, मूळ दुखणे म्हणजे जमिनीवर पडलेले माणसांचे ओझे, आणि त्यावरचा उपाय म्हणजे औद्योगिकीकरण, असे त्यांचे निदान होते. मुरबाड-शहापूरमध्ये पाऊस संपला की वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे घर सोडतात. हे पाहणाऱ्याला या निदानाची वेगळी फोड करून सांगावी लागत नाही.

इथे एक गंमत नोंदवली पाहिजे. गांधीवादात यंत्राबद्दल संशय होता आणि चरख्याला मान होता. जमनालालजी स्वतः खादीच्या कामातले प्रमुख. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिरफाड करताना यंत्राची बाजू घेतली. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, हे त्यांचे म्हणणे. आणि त्याच वर्षी, नोव्हेंबर १९४५ मध्ये, जमनालालजींच्या निधनानंतर तीन वर्षांनी, त्यांच्या घराण्याने बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी नोंदवली. तीच पुढे बजाज ऑटो झाली. म्हणजे चरख्याच्या घराण्याने शेवटी निवडले यंत्रच. मग यंत्राबाबत खरे कोण ठरले, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

आता कंपनीची वाढ पाहू. १९४८ पासून ती परदेशी दुचाकी आणि तीनचाकी गाड्या आणून विकत होती. १९५९ साली भारत सरकारने तिला या गाड्या देशात बनवण्याचा परवाना दिला. १९६० साली ती पब्लिक लिमिटेड झाली आणि इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या तंत्रज्ञानावर पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा स्कूटर बनू लागली. परवाना हा शब्द आजच्या तरुणाला नीट कळत नाही, म्हणून सांगतो. त्या काळात कुणी किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवी. परवाना मोजक्यांनाच मिळे. भांडुपला लॅम्ब्रेटा बनवणारी ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हैसूरला जावा बनवणारी आयडियल जावा, मद्रासला एनफिल्ड, उत्तरेत राजदूत बनवणारी एस्कॉर्ट्स. एवढाच काय तो खेळ. बाहेरून गाड्या येण्याचा रस्ता जवळपास बंद होता. स्कूटरसाठी लोक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत. ग्राहकच रांगेत उभा आहे, अशी बाजारपेठ जगात किती उद्योजकांना मिळते?

याची दुसरी बाजूही आहे आणि ती आम्ही लपवणार नाही. परवान्याने हातही बांधलेले असत. ठरवून दिलेल्या संख्येपेक्षा जास्त गाड्या बनवणे हा गुन्हा होता आणि राहुल बजाज यांनी या बंधनाविरुद्ध आयुष्यभर तक्रार केली. १९६८ साली त्यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली. १९७१ साली पियाजिओशी असलेला करार संपला तेव्हा कंपनी कोसळली नाही. १९७२ साली तिने चेतक आणली. १९८४ साली जपानच्या कावासाकीशी करार केला, १९८६ साली त्या जोडनावाची मोटारसायकल रस्त्यावर आली. हिरो होंडाच्या मोटारसायकलींनी बाजार फिरवला आणि २००१ साली बजाजला मागे टाकले, तेव्हा त्याच वर्षी पल्सर आली. पुण्याच्या इंजिनिअरांनी आणि कामगारांनी बनवलेली ही गाडी आज जगाच्या अनेक देशांत धावते. हे कर्तृत्व आहे. ते नाकारणारा माणूस मूर्ख ठरेल. आमचा वाद कर्तृत्वाशी नाही. हे कर्तृत्व फुलायला जमीन कुणी दिली, पाणी कुणी घातले आणि कुंपण कुणी बांधले, एवढाच आमचा प्रश्न आहे.

साताऱ्याचे उदाहरण घ्या. १९७५ साली तिथे महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. तीत पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाचा, म्हणजे सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचा हिस्सा २७ टक्के आणि बजाजचा २४ टक्के. 'प्रिया' स्कूटर तिथे बनत असे. पुढे सरकारने आपला हिस्सा विकायचे ठरवले, किमतीवरून वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ साली तो हिस्सा बजाज समूहाकडे गेला. यात बेकायदेशीर काही नाही. पण 'खासगी भांडवल' म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, त्याच्या पायात जनतेचा पैसा कसा मुरलेला असतो ते यातून दिसते.

वाळूजचे उदाहरण त्याहून मोठे आहे. १९८५ साली औरंगाबादजवळ वाळूजला कंपनीचा दुसरा मोठा कारखाना सुरू झाला. ही औद्योगिक वसाहत एमआयडीसीची. सरकारने जमीन संपादन केली, रस्ते केले, पाणी आणले. मागास भागात उद्योग यावेत म्हणून महाराष्ट्रात १९६४ पासून प्रोत्साहन योजना आहे. तिच्याखाली कारखान्यांना ग्राहकांकडून गोळा केलेला विक्रीकर अनेक वर्षे स्वतःकडे ठेवून नंतर भरण्याची सवलत मिळे. बिनव्याजी. बजाज ऑटोच्या ताळेबंदात ही रक्कम वर्षानुवर्षे कर्ज म्हणून दिसत होती. पुन्हा सांगतो, हे बेकायदेशीर नाही, आणि मराठवाड्यात उद्योग यावा ही मागणी आपलीही होती. १९७८ च्या नामांतराच्या ठरावानंतर ज्या मराठवाड्यात आपली घरे जळाली, तिथल्या भूमिहीन तरुणाला गावच्या पाटलाच्या बांधावरून उठून वाळूजच्या गेटकडे जाता येणे ही मोठी गोष्ट होती. पण 'मागास भाग' म्हणून कारखान्याला सवलत चालते आणि 'मागास जात' म्हणून माणसाला चालत नाही, हा न्याय कुठला? भूगोलाचे मागासपण खरे आणि इतिहासाचे मागासपण खोटे?

आणि आता १९९३. अर्थव्यवस्था खुली होऊन दोन वर्षे झाली होती. परदेशी कंपन्या येऊ लागल्या होत्या. तेव्हा मुंबईत देशातले काही बडे उद्योगपती एकत्र आले. राहुल बजाज त्यांतले सर्वांत बोलके. वृत्तपत्रांनी या गटाचे नाव पाडले 'बॉम्बे क्लब'. त्यांचे म्हणणे काय होते? आम्ही चाळीस वर्षे बंधनांखाली वाढलो. महाग व्याजाने पैसे उचलले. सरकारने आम्हाला मोठे होऊ दिले नाही. आज अचानक परदेशी दांडग्यांबरोबर एकाच रेषेवर उभे करून 'पळा' म्हणणे ही स्पर्धा नव्हे. आधी मैदान समान करा. आम्ही संरक्षण मागत नाही, समान संधी मागतो आहोत, असे राहुल बजाज पुढेही आवर्जून सांगत राहिले.

मित्रांनो, हे म्हणणे पुन्हा एकदा वाचा आणि 'चाळीस वर्षे' या जागी 'दोन हजार वर्षे' घाला. आपले म्हणणे याहून एका शब्दानेही वेगळे आहे का? बॉम्बे क्लबचा युक्तिवाद आम्हाला पटतो. मनापासून पटतो. बंधनात वाढलेल्याला मोकळ्यात वाढलेल्याबरोबर पळवणे हा अन्याय आहे, हे उद्योगपतींना आपल्यावर वेळ आली तेव्हा बरोबर कळले. तेच वाक्य मुरबाडच्या बौद्धवाडीतल्या किंवा शहापूरच्या कातकरी वाडीतल्या मुलाने उच्चारले, की त्याला गुणवत्तेचा शत्रू का म्हणतात, एवढेच त्यांनी सांगावे.

ते सांगत नाहीत. २००४ नंतर खासगी क्षेत्रातील आरक्षणाचा प्रश्न केंद्र सरकारने पुढे आणला तेव्हा उद्योगांच्या संघटनांनी २००६ साली उत्तर दिले : कायदा नको, आम्ही स्वेच्छेने करू. आचारसंहिता झाली, समित्या झाल्या. स्वेच्छा हा शब्द आपल्याला नवा नाही. लक्ष्मीनारायणाचे मंदिरही स्वेच्छेनेच उघडले होते. स्वेच्छेची अडचण अशी, की ती देणाऱ्याच्या मनावर असते आणि तिचा हिशेब मागता येत नाही. आज शेअर बाजारातल्या बड्या कंपन्यांना दरवर्षी अहवालात लिहावे लागते की त्यांच्याकडे महिला किती, अपंग किती. हे चांगलेच आहे. जातीचा रकाना मात्र त्यात नाही. अनुसूचित जातींचे किती कामगार कायम आहेत, किती कंत्राटी आहेत, किती सुपरवायझर आहेत, हे सांगण्याचे बंधन कुठल्याही खासगी कंपनीवर नाही. मोजणीच नसेल तर पुरावा मागायचा कुणाकडे?

आणि मोजणी का हवी, हे गिरणीच्या इतिहासाने शिकवले आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते. पण कुठे? सूतकताईत. विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे त्यांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यात धागा ओढताना तो तोंडाने चोखावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. यंत्र विलायतेहून आले, वाफेवर चालले, पण विटाळ कोकण-घाटावरून चालत येऊन त्या यंत्राशेजारी उभा राहिला. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे धरला. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे बोलताना त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. कारखान्यात माणूस शिरला म्हणजे जात संपली असे होत नाही. कुठल्या खात्यात शिरला, कुणाच्या ओळखीने शिरला, कायम आहे की ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे, यांत ती जिवंत राहते.

ठेकेदाराच्या हजेरीपटाची गोष्ट निघालीच आहे तर चाकणकडे वळू. मुरबाडहून माळशेज चढून गेले, की आळेफाटा, नारायणगाव, राजगुरुनगर आणि मग चाकण. आपल्याकडची कितीतरी पोरे या रस्त्याने गेली आहेत. १९९९ साली बजाजचा तिसरा कारखाना तिथे सुरू झाला. २००७ साली आकुर्डीचे उत्पादन थांबले, जुन्या कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्ती ठेवली गेली. या सगळ्या काळात गाड्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली, कायम कामगारांची संख्या मात्र त्या पटीत वाढली नाही, उलट घटली. सुट्या भागांचे बहुतेक काम बाहेरच्या पुरवठादारांकडे गेले आणि तिथे कंत्राटी पद्धतच जास्त. २०१३ साली एआयसीटीईची 'नीम' नावाची योजना आली. तिच्याखाली प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलेल्या मुलांकडून पुण्याच्या पट्ट्यात सर्रास उत्पादनाचे काम करून घेतले गेले. ओळखपत्रावर 'शिकाऊ', लाइनवर मात्र कामगार. पुढे ती योजना बंद करावी लागली.

त्याच २०१३ साली, २५ जून ते १३ ऑगस्ट, चाकणच्या बजाज कामगारांनी पन्नास दिवस संप केला. पगारवाढीच्या मागण्या होत्याच. पण एक मागणी अशी होती की ती ऐकून भलेभले हसले : प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्या. वर्तमानपत्रांनी ती अवास्तव ठरवली. कंपनीने ती फेटाळली. संप मागे घ्यावा लागला.

आम्हाला ती मागणी अजिबात हास्यास्पद वाटत नाही. ज्या घराण्याने गांधीजींचा विश्वस्तपणाचा सिद्धांत मानला, त्या घराण्याच्या कारखान्यात ती झाली हे तर फारच योग्य झाले. धनिक हा संपत्तीचा मालक नसून समाजाच्या वतीने सांभाळणारा विश्वस्त आहे, असा तो सिद्धांत. बाबासाहेबांनी १९४५ मध्येच त्याची खिल्ली उडवली होती. विश्वस्त असतो तिथे लाभार्थीही असतो आणि लाभार्थ्याला हिशेब मागायचा हक्क असतो. चाकणच्या कामगारांनी हिशेब मागितला तेव्हा विश्वस्त कुठेच दिसला नाही, मालकच दिसला. १ जानेवारी २०२१ रोजी बजाज ऑटोचे बाजारमूल्य एक लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले. दुचाकी बनवणारी जगातली ती पहिली अशी कंपनी. २०१३ साली मागितलेले ते पाचशे शेअर कामगारांच्या घरात असते तर त्या दिवशी त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचे काय झाले असते, याचा हिशेब एकदा कागदावर करून पाहा.

काही मित्र म्हणतील, चाकण आणि वाळूज लांब आहे, शहापूर-मुरबाडमध्ये मोटारसायकलचा कारखाना कुठे आहे? नाही. पण उद्योग चालवायला जे लागते ते इथूनच जाते. तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. मुरबाड तालुक्याच्या हद्दीतले बारवी धरण तर एमआयडीसीच्याच मालकीचे. जमीन गेली, जंगल गेले, गावे उठली. बदल्यात जे आले ते मुरबाडची एमआयडीसी, आसनगाव-वासिंदचे कारखाने आणि भिवंडीची गोडाऊन. तिथे आपल्या मुलाला जे काम मिळते ते बहुतेक वेळा ठेकेदारामार्फत, आणि त्या कामाची पहिली अट असते : स्वतःची गाडी हवी. म्हणजे मुलगा आधी हप्त्याने मोटारसायकल घेतो, मग तिच्यावर लोकांची पार्सले पोचवून तिचा हप्ता फेडतो. कागदोपत्री तो कामगारही नाही, 'पार्टनर' आहे. मोटारसायकल कंपनीच्या वाढीच्या आलेखात आपला माणूस असा आहे, विकत घेणाऱ्याच्या बाजूला. बनवणाऱ्याच्या बाजूला तो किती आहे हे मोजायला कुणी तयार नाही.

यावर आपल्याच काही मंडळींचे उत्तर असते, की नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या देणारे व्हा. २००५ साली पुण्यात डिक्की स्थापन झाली ती याच विचाराने. आमचा तिला विरोध नाही. पण सरकारी खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी ४ टक्के ठेवण्याचा २०१२ चा आदेश फक्त केंद्राच्या खात्यांना आणि सार्वजनिक कंपन्यांना लागू आहे. मोटारसायकल कंपनी आपले नट-बोल्ट कुणाकडून घेते यावर त्याचे काही चालत नाही. शिवाय एका गावातून एक कारखानदार निघेल. उरलेल्या दोनशे मुलांचे काय, या प्रश्नाला हे उत्तर पुरत नाही.

तेव्हा खासगी क्षेत्रात आरक्षणाचा कायदा ही मागणी आपण सोडायची नाही. पण तो कायदा होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही, कारण खासगी कारखान्याला लागू असलेले एक आरक्षण कायद्यात आजही आहे आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ते माहीत आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, म्हणजे अप्रेंटिस अॅक्ट. त्याचे कलम ३-अ सांगते, की ठरवून दिलेल्या व्यवसायांत, म्हणजे फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन वगैरेंत, मालकाने अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवायच्या, आणि त्या राज्यातल्या त्यांच्या लोकसंख्येला धरून. इथे मालक सरकारी की खासगी असा फरक नाही. तीस किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के या मर्यादेत शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, आणि ही टक्केवारी काढताना कंत्राटी कामगारही धरले जातात.

कायद्याला पळवाटा आहेत. शिकाऊला पुढे नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन नाही. ठरवून दिलेल्या व्यवसायांबाहेरच्या 'ऐच्छिक' प्रकारात मुले घेतली तर कलम ३-अ लावणे अवघड जाते. आणि राखीव जागेवर उमेदवार आलाच नाही तर ती जागा दुसऱ्याकडे जाऊ शकते. म्हणूनच आपण अर्ज न करणे हे मालकाच्या सोयीचे आहे. शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडे सरकारी आयटीआय आहे. तिथे आपली आणि ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी समाजाची मुले दरवर्षी फिटर-वेल्डर होऊन बाहेर पडतात. त्यांतल्या किती जणांची अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंद आहे, कितींनी राखीव जागा असे स्पष्ट लिहून मागणी केली आहे, हे आपण शाखा-शाखांतून विचारायला हवे.

खासगी कंपनीला माहितीचा अधिकार लागू नाही हे खरे. पण या कायद्याची अंमलबजावणी पाहणारे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण खाते सरकारी आहे आणि कारखान्यांनी भरलेली माहिती त्याच्याकडे जमा होते. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. तालुक्यातील कोणत्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, गेल्या पाच वर्षांत प्रत्येकीने किती घेतले, त्यांत अनुसूचित जातीचे किती आणि जमातीचे किती, ज्यांनी घेतले नाहीत त्यांच्यावर काय कारवाई झाली, एवढे चारच प्रश्न विचारायचे. कंपनी जो रकाना भरत नाही, तो इथून भरून घेता येतो. उत्तर गोलमोल आले तर पहिले अपील आहेच.

मुरबाडच्या एमआयडीसीसाठीचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे. आसनगाव-वासिंद पट्ट्यातल्या कारखान्यांची यादी अजून अर्धीच झाली आहे. शहापूर आयटीआयमधून गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्या मुलांनी ती पुरी करायला या महिन्यात हातभार लावावा.